नागपूरच्या उन्हाळ्यात सिगार नीट कसे साठवावेत?

धरमपेठवासी

नमस्कार. मी नागपुरात गच्चीच्या अगदी खालच्या मजल्यावर राहतो. माझ्या मामांनी त्यांच्याकडचा लाकडी ह्युमिडॉर (सिगारसाठी आत ओलावा राखणारी पेटी) आणि त्यासोबत डोमिनिकन व निकाराग्वन बनावटीचे, हाताने वळलेले पंचवीस सिगार मला दिले आहेत. शिवाय इटलीच्या तोस्कानो सिगारची दोन पाकिटेही आहेत. मामा मुंबईला राहतात, त्यामुळे त्यांना दमट हवेची काळजी असे. माझी अडचण नेमकी उलटी आहे. आमच्याकडे एप्रिल उजाडला की दुपारची हवा पार कोरडी होते आणि नवतपा येईपर्यंत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो.

ह्युमिडॉरच्या झाकणाला स्पंज असलेली डबी आहे. तो स्पंज मी नियमितपणे भिजवतो, तरी आतला काटेवाला हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) ४८ टक्क्यांच्या वर सरकत नाही. दोन सिगारांच्या वरच्या पानाला बारीक चिरा पडल्या आहेत. दिवाणखान्यात दिवसभर कूलर चालतो आणि झोपण्याच्या खोलीत फक्त रात्री एसी असतो. अशा घरात हे सिगार पावसाळ्यापर्यंत आणि त्यानंतरही चांगले राहावेत यासाठी काय करावे? ते सरळ फ्रिजमध्ये ठेवले तर चालेल का? आणि चिरा पडलेले सिगार पुन्हा ओढण्याजोगे होऊ शकतात का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

अॅरिझोनाकर

नमस्कार. मी फिनिक्सला राहतो. इथे जूनमध्ये दुपारची सापेक्ष आर्द्रता १० टक्क्यांच्याही खाली जाते, त्यामुळे आपली अडचण मला चांगली समजते.

सर्वप्रथम हायग्रोमीटरवर विश्वास ठेवणे थांबवावे. काटेवाली उपकरणे दहा-पंधरा टक्क्यांनी सहज चुकतात. एक साधा डिजिटल हायग्रोमीटर घ्या आणि त्याची मिठाने परीक्षा करा: बाटलीच्या बुचात साधे मीठ भरा, त्यावर पाण्याचे मोजके थेंब टाकून ते ओल्या वाळूसारखे करा, मीठ विरघळून जाईल इतके पाणी मात्र टाकू नका. ते बूच आणि हायग्रोमीटर एका झिप लॉक पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरची बंदिस्त हवा नेहमी ७५ टक्क्यांवर स्थिरावते. उपकरण ७१ दाखवत असेल तर ते चारने कमी दाखवते हे लक्षात ठेवून पुढचे सारे आकडे वाचावेत.

आता मूळ मुद्दा. हाताने वळलेल्या सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान मानवते. आपण स्पंज भिजवून आर्द्रता वाढवू पाहता, पण ओलावा देणे हे काम मुळात सोपे आहे. तो बाहेर जाऊ न देणे हे खरे काम आहे. थोडा हिशेब मांडतो. एक सिगार साधारण १२ ग्रॅमचा धरला तर पंचवीस सिगारांचे वजन ३०० ग्रॅम होते आणि त्यात ३५ ते ४० ग्रॅम पाणी तंबाखूच्या पानांतच मुरलेले असते. याउलट पाच लिटरच्या डब्यातल्या हवेत, ३० अंशांवर आणि ६५ टक्क्यांवर, अवघे दशांश ग्रॅम पाणी असते. म्हणजे झाकण एकदा उघडल्याने जवळजवळ काहीच बिघडत नाही. बिघडते ते चोवीस तास चालणाऱ्या गळतीमुळे, कारण झाकणाच्या फटीतून कोरडी हवा आत येते आणि पानांतला तो मोठा साठा हळूहळू बाहेर ओढत राहते. आपला स्पंज त्या गळतीशी झुंजतो आहे आणि हरतो आहे.

लाकडी ह्युमिडॉर दिसायला सुरेख असतो, पण कोरड्या हवेत त्याचे लाकूड आकसते आणि झाकण पूर्वीसारखे बसत नाही. त्याची तपासणी सोपी आहे. रात्री दिवे मालवून पेटी बंद करा, तिच्यात लहान टॉर्च लावून ठेवा आणि बाहेरून पाहा. कुठून प्रकाशाची रेघ दिसली तर तिथूनच हवा जाते. माझा सल्ला असा, की किमान उन्हाळ्यापुरता तरी हा ह्युमिडॉर बाजूला ठेवावा आणि अन्न साठवण्यासाठी मिळतो तसा, झाकणाला सिलिकॉनची कड आणि चारही बाजूंनी खिट्ट्या असलेला प्लास्टिकचा हवाबंद डबा घ्यावा. नव्या डब्याला वास असतो. तो धुऊन, वाळवून, आत खाण्याचा सोडा ठेवून काही दिवस बंद ठेवला की वास जातो. तळाशी आणि मधल्या थरात स्पॅनिश सिडारच्या पातळ पट्ट्या घातल्या तर उत्तम. मामांच्या पेटीत सिगारच्या मूळ खोक्याच्या पट्ट्या असतील तर त्याच वापरा.

लाकडाबद्दल एक सूचना करावीशी वाटते. स्पॅनिश सिडार म्हणजे सेड्रेला ओडोराटा, हे महोगनीच्या कुळातले झाड आहे. हिमालयातल्या देवदाराशी त्याचा संबंध नाही. देवदाराचे लाकूड तेलकट आणि उग्र वासाचे असते व तो वास सिगारमध्ये उतरतो, म्हणून सुताराकडून देवदाराच्या पट्ट्या करून घेऊ नयेत. आपल्याकडचे तूण हे झाड सेड्रेलाच्या जवळच्या नात्यातले आहे, पूर्वी ते त्याच प्रजातीगटात धरत असत. तरीही पक्के वाळलेले आणि वास पारखलेले लाकूड मिळाले तरच ते वापरावे. लाकूड नसले तरी सिगार उत्तम राहतात.

ओलाव्यासाठी स्पंज पूर्णपणे सोडून द्या. स्पंज फक्त पाणी देतो, परत घेत नाही, आणि त्यावर बुरशीही लवकर धरते. त्याऐवजी दुहेरी काम करणाऱ्या पुड्या मिळतात. बोव्हेडा हे त्यातले प्रसिद्ध नाव. त्यांत क्षारांचे संपृक्त द्रावण असते आणि पुडीचे आवरण फक्त बाष्प आरपार जाऊ देते. हवा ठरावीक आकड्याच्या खाली गेली की पुडी ओलावा सोडते, वर गेली की शोषून घेते. मिठाच्या परीक्षेमागचे तत्त्व हेच आहे. पंचवीस सिगारांसाठी ६० ग्रॅमची एक पुडी पुरते, पण आपल्या हवेसाठी दोन ठेवाव्यात. पुडी कडक झाली, आत खडे लागू लागले, की ती संपली असे समजावे. आकडा ६५ चा घ्यावा, ७२ चा नव्हे. त्याचे कारण तापमानाशी निगडित आहे आणि त्याविषयी नागपूरचेच कोणी अधिक अधिकाराने लिहू शकेल.

फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजमधली हवा कोरडी असते, आणि कोथिंबीर-लसणाचा वास तंबाखू लगेच ओढून घेते.

तोस्कानोची काळजी करण्याचे कारण नाही. ते सिगार केंटकी जातीच्या, धुराने भाजलेल्या तंबाखूचे असतात आणि मुळातच कोरडे ओढायचे असतात. ह्युमिडॉरमध्ये इतरांसोबत ठेवले तर त्यांचा धुरकट वास सगळ्यांना लागेल. ते त्यांच्याच पाकिटात, वेगळ्या डब्यात ठेवा. नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडच्या पद्धतीचे यंत्रावर वळलेले छोटे कोरडे सिगारही याच वर्गातले.

कीटकशास्त्राचा विद्यार्थी

वरील उत्तरातल्या ‘७२ नव्हे, ६५’ या वाक्याला मी दुसऱ्या बाजूने दुजोरा देतो.

तंबाखूत एक भुंगेरा होतो. त्याचे शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्न. प्रौढ किडा दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी असतो. नुकसान करते ती त्याची अळी: ती पान पोखरत जाते आणि सिगारला टाचणीने टोचल्यासारखी गोल भोके पडतात. या किडीला ३० अंशांच्या आसपासचे तापमान आणि ७० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता सर्वांत जास्त मानवते. वीस अंशांवर तिची एक पिढी पूर्ण व्हायला काही महिने लागतात, तिशीच्या आसपास मात्र तेच काम बरेच लवकर उरकते. अंडी सिगार वळण्यापूर्वीपासूनच पानात असू शकतात, त्यामुळे चांगल्या कारखान्याचा माल असला तरी निर्धास्त राहता येत नाही.

म्हणून नागपूरच्या घरात हवाबंद डबा आणि पुडी एवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे. बाहेरची कोरडी हवा सिगार खराब करते, पण तीच हवा या किडीलाही वाढू देत नाही. आपण डब्यात ओलावा दिला आणि गारवा दिला नाही, तर किडीला हवी तशी खोलीच आपण तिला बांधून दिली असे होते.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे साठवण्यापूर्वी सिगार गोठवणे. सिगार दोन झिप लॉक पिशव्यांत, एकीत एक अशा, शक्य तेवढी हवा काढून बंद करावेत. एक दिवस फ्रिजच्या खालच्या भागात ठेवावेत, मग उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान तीन दिवस. घरचा फ्रीझर सारखा उघडला जातो आणि वीजही जाते, म्हणून आठवडाभर ठेवलेले बरे. त्यानंतर पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग बाहेर काढावेत. पिशवी पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर थंड पानावर दव धरते आणि पान फाटते. एकदारी फ्रिजमधला बर्फाचा कप्पा पुष्कळदा उणे १८ पर्यंत जात नाही, तेव्हा आधी थर्मामीटर ठेवून पाहावे.

आणखी एक गोष्ट घरात सांगून ठेवा. हीच कीड हळकुंडे, सुंठ, धणे, लाल मिरची यांतही होते. वर्षभराच्या मसाल्याच्या डब्यांशेजारी, एकाच फडताळात, सिगार ठेवू नयेत.

धंतोलीकर

तापमानाचा प्रश्न नागपूरकरांकडे सोपवला आहे, तर लिहितो.

गच्चीखालच्या मजल्यावर स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. त्यामुळे माळा, भिंतीतल्या कपाटाचा वरचा खण आणि पश्चिमेची भिंत ही ठिकाणे सर्वप्रथम बाद करा. लोखंडी कपाटही नको; ते लवकर तापते, आणि त्यात बहुतेक घरांत डांबराच्या गोळ्या असतात, ज्यांचा वास एका आठवड्यात सिगारमध्ये शिरतो. देवघराजवळ कापूर आणि उदबत्तीमुळे तीच अडचण येते. उत्तरेकडच्या किंवा घराच्या मधल्या खोलीत, जमिनीलगत, पलंगाखाली किंवा लाकडी कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात डबा ठेवावा. थर्मामीटर घेऊन दुपारी चारला आणि पहाटे पाचला घराच्या चार जागा मोजून पाहा. एकाच घरात पाच-सहा अंशांचा फरक सहज सापडतो.

दुसरा मुद्दा तापमानाच्या चढउताराचा. आपल्या झोपण्याच्या खोलीत रात्री एसीमुळे २४ अंश आणि दुपारी एसी बंद असल्यामुळे ३८ अंश होत असतील, तर ती खोली सतत ३० अंश असलेल्या खोलीपेक्षा वाईट आहे. तापलेला डबा लवकर थंड झाला की आतले बाष्प झाकणाच्या आतल्या बाजूला आणि कडेला जमते आणि तिथल्या सिगारला बुरशी धरू शकते. पुडीचा आकडा ६५ ठेवण्याचे हेही एक कारण आहे: थोडा कमी ओलावा असला तर दव धरण्याला वाव कमी राहतो. माझ्या मते नागपुरात मे महिन्यात ६२ सुद्धा चालेल.

चढउतार कमी करण्यासाठी सहलीला नेतात तो जाड भिंतींचा आइसबॉक्स घ्या आणि हवाबंद डबा त्याच्या आत ठेवा. तो काही थंड करणार नाही, पण दुपारची झळ आत पोहोचायला इतका वेळ लागेल की तोवर संध्याकाळ झालेली असेल. पहाटे, घर सर्वांत थंड असताना, आइसबॉक्सचे झाकण अर्धा तास उघडे ठेवावे. आतला डबा मात्र उघडू नये.

आता खराखुरा गारवा. वाइनसाठीचे छोटे फ्रिज यासाठी वापरतात, पण घेण्याआधी त्यातले यंत्र कोणते आहे ते विचारा. थर्मोइलेक्ट्रिक पद्धतीचा फ्रिज खोलीच्या तापमानापेक्षा साधारण बारा-पंधरा अंशच खाली जाऊ शकतो. खोली ३८ अंश असेल तर आत २५ च्या आसपासच मिळेल आणि यंत्र अखंड चालत राहील. काँप्रेसरचा फ्रिज हवे ते तापमान गाठतो, पण आतली हवा सुकवतो, म्हणून त्यातही सिगार हवाबंद डब्यातच ठेवावे लागतात. पंचवीस सिगारांसाठी एवढा खर्च मला स्वतःला पटत नाही.

त्याऐवजी आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्याचाच उपयोग करून घेता येतो. मातीचा एक मोठा माठ किंवा कुंडी, तिच्यात लहान माठ, दोन्हींच्या मध्ये दोन-तीन इंच ओली वाळू, लहान माठात हवाबंद डबा आणि वरून ओल्या गोणपाटाचे आच्छादन. बाहेर ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना बाष्पीभवनाने तापमान तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात ते चार-पाच अंश वर राहते, पण ३८ अंशांच्या खोलीत २७-२८ मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे. वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी घालावे आणि माठ वारा लागेल अशा सावलीत ठेवावा. एक काळजी अवश्य घ्या: डबा लहान माठाच्या ओल्या भिंतीला टेकू नये, खाली विटेचा तुकडा किंवा जाळी ठेवावी, आणि डब्याची कड खरोखर हवाबंद आहे याची पाण्यात बुडवून आधीच परीक्षा करावी. मृग लागून हवा दमट झाली की ही युक्ती निरुपयोगी होते. तेव्हा माठ बंद करून डबा पुन्हा कपाटाच्या तळाशी आणावा.

दिवाणखान्यातल्या कूलरविषयी बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. कूलरच्या खोलीत हवा कोरडी राहत नाही, ५०-६० टक्क्यांपर्यंत सहज जाते. म्हणून आपला ह्युमिडॉर त्या खोलीत ठेवला तर काटा थोडा वर चढेल, पण वाळ्याच्या ताट्यांचा सुगंधही त्यात उतरेल आणि कूलर बंद झाला की पुन्हा सगळे कोरडे. तिथे ठेवू नये.

गोंदियाकर

चिरा पडलेल्या सिगारांविषयी लिहितो, कारण आमच्या घरी पूर्वी विड्यांचा कारखाना होता आणि पानाला ओल देणे हा तिथला रोजचा विषय असे. तेंदूपान भिजवून, ओल्या गोणपाटात गुंडाळून लवचीक करतात, तेव्हाच ते कापता आणि वळता येते. घाईने भिजवलेले पान डागाळते. सिगारचे पान तर तयार वळलेल्या अवस्थेत ओल घेते, त्यामुळे तिथे जास्तच धीर हवा. बाहेरचे पातळ पान आधी ओल घेते आणि आतला गाभा नंतर फुगतो. एकदम ७२ टक्क्यांत ठेवले तर फुगणारा गाभा बाहेरच्या पानाला आणखी फाडतो.

म्हणून कोरडे पडलेले सिगार वेगळ्या डब्यात, आधी ५८ च्या पुडीसोबत दोन आठवडे ठेवावेत, मग ६२ आणि शेवटी ६५. मधून मधून त्यांना थोडे फिरवावे. बोटांनी हलके दाबल्यावर सिगार किंचित दबून परत वर आला, करकर आवाज आला नाही, की तो तयार झाला. पडलेली चीर बुजणार नाही. ओढण्यापूर्वी तिच्यावर पेक्टिनचा (फळांतल्या चिकट द्रव्याचा) किंवा पातळ खाण्याच्या डिंकाचा बारीक हात फिरवला तर पान उलगडत नाही. फार काळ वाळलेल्या पानातली सुगंधी तेले उडून गेलेली असतात आणि ती ओल दिल्याने परत येत नाहीत, हेही आपणास माहीत असावे.

धरमपेठवासी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. टॉर्चची परीक्षा केली. झाकणाच्या मागच्या बाजूला, बिजागरीजवळ, लांबच लांब प्रकाशाची रेघ दिसते. हवाबंद डबा आणि पुड्या घेतो आणि माठाचाही प्रयोग करतो. दोन शंका उरल्या आहेत. सिगारांवरचे सेलोफेन काढावे की ठेवावे? आणि मामांची पेटी पावसाळ्यात वापरता येईल का? ती नुसती शोभेची होऊन राहावी असे वाटत नाही.

अॅरिझोनाकर

सेलोफेनमधून बाष्प आरपार जाते, त्यामुळे ठेवले तरी सिगारला ओल मिळते, फक्त थोडी सावकाश. आपल्याकडे कोरडी हवा आणि किडीची शक्यता दोन्ही आहेत, तेव्हा ते ठेवावे; एका सिगारमध्ये अळी निघाली तर शेजारच्यापर्यंत जायला तिला वेळ लागतो. ॲल्युमिनियमच्या नळीतले सिगार असतील तर नळीचे टोपण मात्र सैल करावे.

पेटी अवश्य वापरा, पण आधी बिजागरीकडची फट बुजवावी लागेल. झाकणाच्या कडेला आतून सिलिकॉनची पातळ पट्टी बसवता येते. त्यानंतर लाकूड मुरवावे: रिकाम्या पेटीत ८४ टक्क्यांच्या पुड्या ठेवून ती दोन आठवडे बंद ठेवावी. ओल्या फडक्याने लाकूड पुसण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो मानू नका. त्याने लाकूड वाकते. हे काम उन्हाळ्यात करू नये. जुलैच्या मध्यावर, जेव्हा बाहेरची हवाच दमट असते आणि लाकूड आपसूक फुगलेले असते, तेव्हा ते कमी पुड्यांत होते. मग सिगार ६५ च्या पुड्यांसह पेटीत ठेवा. त्या पावसाळ्यात जादा ओलावा शोषण्याचे काम करतील. फेब्रुवारी संपत आला की सिगार पुन्हा हवाबंद डब्यात हलवावेत.

धंतोलीकर

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा प्रत्येक सिगारचे पेटवायचे टोक पाहत जा. वरच्या पानावर पांढरट ठिपका दिसला तर तो कोरड्या मऊ कापडाने पुसून सिगार काही दिवस वेगळा ठेवता येतो. टोकाच्या आत, गाभ्यात, हिरवट किंवा लव असलेली बुरशी दिसली तर तो सिगार फेकून द्यावा, आणि पेटी रिकामी करून एक दिवस उघडी ठेवून मगच बाकीचे परत आत ठेवावेत.